तुटण्याआधी तार बोलते

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर बसची वाट बघत होतो. शेजारच्या बाकड्यावर एक माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता आणि त्या मोबाइलमधून तो आवाज आला. बारीक, गुळगुळीत, खालून वर चढत जाणारा. उठून लांब जाऊन उभा राहिलो, तरी कान तिकडंच. आवाज चढत गेला, चढत गेला आणि मध्येच कापल्यासारखा थांबला. त्या माणसानं तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. मग पुन्हा खालपासून सुरू. तेवढ्यात माझी बस लागली आणि निघूनही गेली. मी चढायचं विसरलो होतो.

लोकांना भुताची भीती वाटते. मला ह्या आवाजाची वाटते, आणि भुतासारखा तो आडवेळेची, आडजागेची वाट बघत नाही. दिवसाढवळ्या कुठंही गाठतो. सलूनमध्ये, रसवंतीवर, दवाखान्याच्या रांगेत. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या असल्या खेळांवर बंदी आली म्हणतात. आली असेल. एक बंद झाला की दुसऱ्या नावानं लिंक येते, आवाज तोच.

आम्ही मिरजेत तंबोरे करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. त्याला मी आण्णा म्हणतो. वडिलांनी आमच्या लहानपणीच वाटणी करून टाकली होती. जमिनीची नव्हे, ती नव्हतीच. कामाची. दोघांना समोर बसवलं, एकामागून एक दोन तारा छेडल्या आणि विचारलं, दुसरी चढी का उतरी? आण्णानं बरोबर सांगितलं. मी चुकीचं सांगितलं, तेही मोठ्या ऐटीत. झालं. आण्णा तारांकडं आणि मी भोपळ्याकडं. तेव्हापासून भोपळा कापायचा मी, लाकूड तासायचं मी, नक्षी काढायची मी, पॉलिश मारायचं मी. शेवटी आण्णानं येऊन चार तारा चढवायच्या, की गिऱ्हाईक म्हणणार, ‘आण्णांच्या हातचा तंबोरा!’ ह्याचा मला राग होता. अजूनही थोडा आहे.

पण राग असला तरी खोटं बोलणार नाही. त्या चार तारांशिवाय माझा तंबोरा म्हणजे दांडी लावलेला भोपळाच. तार घोडीवर जिथं टेकते तिथं दोऱ्याचा एवढासा तुकडा सरकवायचा असतो. आण्णा तो नखानं जरा पुढं, जरा मागं करायचा आणि एका जागेवर तंबोरा असा काही गुंजायला लागायचा, की बाहेर रस्त्यावरचा माणूस चालता चालता मान वळवायचा. आणि दुसरं म्हणजे त्याच्या हातून तार तुटत नसे. नवी तार खुंटीला गुंडाळून पिळत वर न्यायची, तर मधूनच एखादी कच्ची निघते आणि फाटकन तुटते. माझ्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा आहेत. आण्णाच्या हातांवर नाहीत. पिळता पिळता तो एकदम खुंटीवरून हात काढून घ्यायचा. "ही न्हाई टिकायची," म्हणायचा आणि तार बदलायचा. मी एकदा हट्टानं तीच तार पुढं पिळली. तुटली.

"तुला कळतं कसं?" मी विचारलं होतं.

"तुटायच्या आदी तार बोलती रं. तू ऐकत न्हाईस."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं. त्याचं पुढं काय होणार, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आण्णाला चांगला मोबाइल मीच घेऊन दिला. गिऱ्हाइकं आता आपला सूर मोबाइलवरच पाठवतात. कुणी साताऱ्याहून, कुणी बेळगावहून ‘सा’ लावून रेकॉर्ड करणार. आण्णा तो कानाशी धरून ऐकणार आणि म्हणणार, "बाई काळी चार म्हणत्यात, पर गात्यात जरा वरच." दुपारी जेवण झालं की तो त्याच मोबाइलवर गाणी ऐकत पडायचा. गाण्यांच्या मध्ये जाहिराती येतात. कुठल्या तरी जाहिरातीत त्यानं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या कुणाला त्यात पैसा दिसला असता. आण्णाला आवाज ऐकू आला.

मला हे कळलं ते असं. दुपारची वेळ होती. मी मागच्या खोलीत पॉलिशचा बोळा फिरवत होतो आणि पुढच्या खोलीतून तंबोरा ऐकू आला. छेडल्यासारखा नव्हे. छेडलेल्या तारेचा आवाज एकदम येतो आणि मग विरतो. हा उलटा होता. नसल्यातून हळूहळू उगवल्यासारखा. आधी पंचमाची तार गुणगुणली, ती मावळली, मग जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन्ही तारा गुणगुणल्या. मग गप्प. मग पुन्हा पंचम. मी बोळा हातात घेऊन तसाच पुढं गेलो. तयार झालेला एक तंबोरा गादीवर आडवा ठेवला होता आणि आण्णा त्याच्यावर कान लावून, डोळे मिटून बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तारेला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं आणि तारा वाजत होत्या. मी काही भित्रा माणूस नाही, पण तिथं उंबऱ्यावर माझे पाय पुढं जाईनात.

मग दिसलं. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घोडीच्या शेजारी मोबाइल पालथा ठेवला होता. आवाज त्याचा होता. तो खालून चढत जाताना पंचमाच्या जागेवर आला की पंचमाची तार त्याला साथ देत होती, षड्जावर आला की जोड. हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या सुराची हाक आली की तार न छेडता बोलते. ह्यासाठी घाबरायचं काही कारण नव्हतं. पण आण्णानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं ते मला अजिबात आवडलं नाही.

"ये, बस," तो म्हणाला. "हे बी बोलतंय बग तुटायच्या आदी."

मग त्यानं मोबाइल उलटा करून मला तो खेळ दाखवला. काळ्या पडद्यावर एक छोटं रॉकेट. डाव सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ पैसे लावायला मिळतो. मग रॉकेट उडतं आणि शेजारी एक आकडा वाढत जातो. एकपट, सव्वापट, दीडपट, दुप्पट. रॉकेट वर असेपर्यंत बटण दाबलं, तर त्या क्षणी जितकी पट झाली असेल तितके पैसे आपले. दाबायच्या आत फुटलं, तर लावलेले सगळे गेले. कधी ते वीसपट जातं. कधी जागेवरच फुटतं, बोट हलवायलाही सवड देत नाही. बाजूला जिंकणाऱ्यांची नावं सरासर पळत असतात. हरणाऱ्यांची पळत नाहीत. डाव संपला की दम खायच्या आत दुसरा सुरू. सगळी करामत अशी, की बटण आपलं, बोट आपलं, कधी दाबायचं तेही आपण ठरवायचं. मग माणसाला वाटतं, गेलं ते माझ्या चुकीनं गेलं, जरा आधी दाबायला हवं होतं.

"कुटं फुटणार ते वळकायचं," आण्णा म्हणाला. "बाकीची आंधळी हाईत. डोळ्यानं खेळत्यात."

मी हसलो. म्हटलं, "आण्णा, ही काय तार हाय व्हय?"

"तान हाय का न्हाई त्यात? चढतंय का न्हाई? मग ती तारच हाय."

त्यानं पैसे न लावता एक डाव चालू केला, मोबाइल पुन्हा तबलीवर पालथा घातला आणि डोळे मिटले. आवाज चढायला लागला. पंचम गुणगुणला, जोड गुणगुणले, आवाज त्याही वर निघाला, आणि आण्णा म्हणाला, "आता."

आणि तो तुटला.

त्यानं पुन्हा केलं. ह्या वेळी पंचमाच्याही आधी त्यानं हात वर केला आणि आवाज तिथंच तुटला. आज मला माहीत आहे की तो योगायोग होता. त्या दुपारी मात्र माझ्या मनात आलं की ह्या माणसाला खरंच ऐकू येतं. तिसरा डाव मी बघितला नाही. मागच्या खोलीत जाऊन पॉलिशला लागलो, आणि पॉलिश सगळीकडं जाड बसलं.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, त्यात नवीन काही नाही. आण्णा पैसे लावायला लागला. कधी जिंकायचा. जिंकला की म्हणायचा, बघ, ऐकलं. हरला की म्हणायचा, रस्त्यावरनं गाडी गेली, ऐकू आलं न्हाई. मग दारं-खिडक्या लावून बसायला लागला. पंखा बंद. उन्हाळ्यात मिरजेत पंखा बंद करून बसणारा माणूस एक तर साधू असतो नाही तर गेलेली केस. वहिनी जेवायला हाक मारायला आली तरी हात वर करून तिला गप्प करायचा. भोपळे वाळून विकायला येण्याच्या आधीच पंढरपूरकडच्या शेतकऱ्याला उचल पाठवावी लागते, नाहीतर चांगले भोपळे दुसरेच नेतात. ती उचल पाठवायचं काम आण्णाकडं होतं. त्या साली भोपळ्यांचा टेंपो आलाच नाही. वहिनीनं भोपळे ठेवायच्या माळ्यावर चढून बघितलं, खाली उतरली आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसली.

"भावजी," ती मला म्हणाली, "पैसं गेलं तर जाऊ द्या. मी राबीन. पर ह्यांच्या कानावर आपलं घर हाय, आवं. त्यो कान त्या डबड्यात अडकलाय. त्यो काडा तेवढा."

माझ्या डोक्यात तोवर पैशाचाच हिशेब होता. वहिनीनं बरोबर जागेवर बोट ठेवलं. गेले कित्येक दिवस आण्णानं लावलेल्या तारा मी बघत होतो. घाईघाईनं चढवलेल्या, दोरा कुठंतरी सरकवलेला. वाद्यं लाकूड वाजवल्यासारखी वाजत होती. जो कान आम्हाला जेवू घालत होता, तो दिवसभर पंखा बंद करून मोबाइलवर खर्च होत होता.

मी तोच खेळ माझ्या मोबाइलवर घेतला. पैसे न लावता नुसतं बघत बसता येतं. त्या खेळाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत नियम लिहिलेले असतात. ते वाचायला कुणी जात नाही, कारण तोवर पुढचा डाव सुरू झालेला असतो. मी वाचले. त्यात सरळ लिहिलं होतं. रॉकेट कुठं फुटणार हे ते उडायच्या आधीच यंत्रानं ठरवलेलं असतं. मागच्या डावाचा पुढच्या डावाशी काही संबंध नसतो. आणि यंत्र जागेवरच फुटणारे डाव अधूनमधून येतील अशी सोय करून ठेवतं. कुणी कितीही हुशारीनं दाबलं तरी शेवटी खेळवणाऱ्याचं पोट भरतं ते त्यातून. लपवलेलं काहीच नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. चोर निदान अंधार तरी बघतो.

पण हे आण्णाला सांगून उपयोग नव्हता. त्याचं म्हणणं असं, की ठरलेलं असेना का, तार कच्ची आहे हेही आधीच ठरलेलं असतं, तरी ती बोलतेच की. ह्याला काय उत्तर देणार? त्याच्या कानाला त्याच्या कानानंच उत्तर द्यायला हवं होतं.

मग मी असं केलं. वहिनीच्या मोबाइलवर मी दोन डावांचा आवाज रेकॉर्ड केला. एक लवकर फुटलेला आणि एक खूप वर गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णाचं मन जरा ताजं असताना त्याच्यापुढं तंबोरा आडवा ठेवला, सूर नीट लावून घ्यायला लावला आणि म्हटलं, "दोन डाव ऐकवतो. कुठला आदी तुटणार, सांग." मोबाइल तबलीवर पालथा घातला. पहिला आवाज लावला, पंचम गुणगुणला, जोड गुणगुणले आणि तुटायची जागा यायच्या जरा आधी मी बोट ठेवून बंद केला. मग दुसरा, तिथपर्यंतच. वहिनी दारात उभी होती.

आण्णा म्हणाला, "पुन्ना लाव."

पुन्हा लावले. त्यानं कान तबलीला टेकवला. पुन्हा एकदा लाव म्हणाला. मग सरळ बसला आणि जरा चिडून म्हणाला, "एकच आवाज दोनदा लावतुयास."

"न्हाई आण्णा."

"एकच हाय. मला काय शिकवतुयास? केसाचा फरक न्हाई दोन्हीत."

मी दोन्ही आवाज शेवटपर्यंत लावले. पहिला तिथंच तुटला. दुसरा वर गेला. वर, आणखी वर, ऐकवत नाही इतका वर. खोलीत भिंतीला टांगलेल्या एकूण एक तंबोऱ्यांची कुठली ना कुठली तार त्या आवाजाला साथ देत हलली. मग तोही तुटला.

आण्णाचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो चिडला नाही, रडला नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रेकॉर्डिंग खराब आहे, मोबाइल स्वस्तातला आहे. जुगारी माणसाला कारणांचा कधी तोटा नसतो. पण सुराच्या बाबतीत खोटं बोलणं आण्णाला येत नव्हतं. दोन्ही आवाज सारखे आहेत हे त्यानंच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. तुटायच्या आधी त्या आवाजात काहीही नव्हतं.

मग त्यानं मला विचारलं, "मग मला ऐकू येत हुतं ते काय हुतं रं?"

त्यानं आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन बसला.

त्या दिवसापासून आण्णा तो खेळ खेळला नाही. वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. माझं म्हणाल तर मी मनातून फुशारलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा आण्णाचा कान चुकला होता आणि मी बरोबर निघालो होतो. चार-दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. भोपळे दुसरीकडून मिळवले, हलके होते, पण मिळवले. घर पुन्हा चालायला लागलं असं मला वाटलं.

मग साताऱ्याकडच्या एका बाईंचा तंबोरा आला. कोरेगावात मुलींना गाणं शिकवतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. तारा जुन्या झाल्या होत्या, चारही बदलायच्या होत्या. मी वाद्य पुसून आण्णापुढं ठेवलं. त्यानं पहिली तार घोडीवरून घेतली, खुंटीला गुंडाळली, पिळायला लागला. मी माझ्या कामाला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की खोलीत शांतता आहे. मान वर करून बघितलं. तार अर्ध्यात होती, पार ढिली, आणि आण्णाचा हात खुंटीवरून निघाला होता.

"काय झालं?"

"तुटंल वाटतं."

मी जाऊन तार बघितली. नवीकोरी, चांगली तार होती. त्यानं ती काढून टाकली, दुसरी घेतली. तीही अर्ध्यात सोडली. तिसरीही. त्याच्या मांडीजवळ चांगल्या तारांचा गुंता झाला. चौथीला मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि खुंटी त्याच्याकडूनच वर पिळून घेतली. थंडीच्या दिवसांत त्याचा तळवा घामानं ओला होता. तार वर आली. त्यानं छेडली आणि माझ्याकडं बघितलं.

"आला का?" त्यानं विचारलं.

लहानपणी एका प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून मला भोपळ्याकडं पाठवलं होतं, आणि तेव्हा मी ह्याच माणसाच्या शेजारी बसलो होतो. चढी का उतरी ते मला कधीच धड कळलं नाही. आणि तो मला विचारत होता, सूर आला का.

"आला," मी म्हटलं.

"बग हां. नीट ऐक."

"आला रं आण्णा."

चारही तारा आम्ही तशाच लावल्या. प्रत्येक तारेला तो विचारायचा, मी हो म्हणायचो. दोराही मी म्हणालो तिथं ठेवला. मी कशाच्या जोरावर म्हणालो ते मला विचारू नका. तो थांबत नव्हता म्हणून कुठंतरी थांबवायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

बाई न्यायला आल्या तेव्हा आम्ही दोघं उभे होतो. एरवी आण्णा बसल्या जागेवरून उठत नसे. बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि छेडत राहिल्या. आण्णाची नजर त्यांच्या तोंडावर खिळली होती, आणि उजव्या हाताचा अंगठा नुसताच हलत होता, मोबाइलवर हलायचा तसा. मी तो अंगठा बघत होतो, तंबोरा मला ऐकूच आला नाही. बाईंनी डोळे उघडले.

"आण्णांचा हात लागला की वाद्य वेगळंच बोलतं," त्या म्हणाल्या. त्यांनी वाद्य गवसणीत घातलं, नमस्कार केला आणि रिक्षा बोलावून गेल्या.

आण्णा दारात उभा राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होता. मग त्यानं एवढा मोठा श्वास सोडला.

"ह्या डावाला वाचलो गड्या," तो म्हणाला.

मी पुढचा तंबोरा त्याच्यासमोर ठेवला. आण्णानं खुंटीवर हात ठेवला, पण पिळली नाही. आधी माझ्याकडं बघितलं.